प्रूफवर नाव नसतं

अकोल्यात अकोट फैलाच्या बाजूला नासिरभाईंचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, मधोमध काचेचं टेबल, त्यावर बिजागरीने बसवलेली जाळीची चौकट, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लग्नपत्रिका. तिथे गणपतीच्या शेजारी मुसलमानी पत्रिकेवरचं सातशे शहाऐंशी वाळत असायचं आणि दोघांचा सोनेरी रंग एकाच डब्यातला असायचा. नासिरभाई म्हणायचे, कापसाला काय भाव निघाला ते मला बाजारात जाऊन विचारावं लागत नाही. भाव पडला की गिऱ्हाईक पातळ कागद मागतं. फारच पडला तर पत्रिकाच छापत नाही, तोंडीच आवतण देतं.

त्यांच्या धंद्याचा एक कायदा होता, आणि तो त्यांनी मोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पत्रिकेच्या खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीने चालावं इतक्या बारीक अक्षरात त्यांचं नाव असायचं. नुसतं ‘नासिर’. ते नाव छापखान्याच्या तयार खिळ्यांतलं, टाइपातलं नव्हतं, त्यांनी स्वतः कुंचल्याने काढलेलं होतं. आधी खालची अक्षरं, मग वरून एका हाताने ओढलेली रेघ. ती रेघ दोन्ही बाजूंना अक्षरांच्या थोडी पुढे गेलेली, फेट्याचा तुरा असतो तशी. पण हे नाव फक्त पक्क्या छपाईवर यायचं. गिऱ्हाइकाला दाखवायला आधी जी एक प्रत काढतात, त्या प्रूफवर कधी नाही. प्रूफमध्ये वराची वधू झाली तरी ती चूक कुणाचीच नसते, असं ते सांगत. नाव टाकलं की मग चूक नासिरची.

नगमा ही त्यांची एकुलती एक मुलगी. अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायची. तिच्या हाती एक काम आलं होतं, दंडाला चिकटवायच्या एका पट्टीचं. पट्टी कातडीसारखी वाकली पाहिजे, घामात सुटता कामा नये, आणि अंगाचा ताप सारखा मोजत राहिली पाहिजे. ताप हद्दीबाहेर गेला की पट्टीच्या टोकाला लावलेलं बटणाएवढं यंत्र वाजणार. हे सगळं मे महिन्यात वावरात धसकटं वेचायला जाणाऱ्या बायांसाठी होतं. ऊन लागतं ते सांगून लागत नाही. बाई राबत असते, मग बोलायची थांबते, मग पडते. आणि बरोबरीच्या म्हणतात, सकाळी तर चांगली होती. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला होता. पिकाने हात सोडला की बाया उन्हाचा विचार सोडतात, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही.

पट्टीवर दोन शाया लागत. एक काळी, जी ऊब लागली की वीज जास्त सोडते. दुसरी चांदीची, जी त्या काळ्या ठिपक्यापासून पट्टीच्या टोकापर्यंत विजेला वाट करून देते. वीज जितकी जास्त वाहील तितकं अंग गरम, असा साधा हिशेब. नगमाचे विभागप्रमुख किशोर सर यांनी पुण्याच्या एका कारखान्याकडून यंत्रावर छापलेल्या पट्ट्या मागवायचं ठरवलं होतं. नगमाने शाईच्या डब्यावरच्या सूचना वाचल्या आणि तिला हसू आलं. जाळीची चौकट घ्या, रबराच्या पट्टीने शाई ओढा, वाळवा. हे तर आपल्या घरचंच काम. पुढच्या रविवारी ती डबा घेऊन अकोल्याच्या गाडीत बसली.

नासिरभाईंनी चांदीची शाई बोटावर घेऊन पाहिली. मिठाईवरचा वर्ख उतरवून डब्यात भरलाय म्हणाले. नगमाने त्यांना समजावलं की सरळ रेघ दंड वाकला की तडकते, म्हणून रेघ नागमोडी हवी आणि सगळीकडे सारख्या जाडीची. ते म्हणाले, म्हणजे वेलबुट्टीच की, फक्त पानं-फुलं नको. मग बाप-लेक टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. तिने मोजायचं, त्यांनी छापायचं. कधी शाई जाळीत अडकली, कधी वळणावर जाड झाली, कधी छान उतरली आणि ताणल्यावर तडकली. तिने घरी नेऊन ताणून, वाकवून, तापवून पाहायचं आणि पुढच्या रविवारी काय झालं ते सांगायचं. त्यांनी ऐकून घ्यायचं, चौकट धुवायची आणि पुन्हा सुरुवात करायची. अम्मी चहा आणून ठेवायची आणि तो निवला की परत न्यायची.

हळूहळू पट्ट्या जमायला लागल्या. नगमाला वाटे, झालं, एवढं पुरे. नासिरभाई पट्टी खिडकीच्या उजेडात धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "बेटा, ये अभी प्रूफ है."

पुण्याहून आलेल्या नमुन्यांपेक्षा ह्या वाईट नाहीत, असं ती एकदा चिडून म्हणाली होती. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की पुण्याच्या माणसाला शिव्या द्यायला अकोल्यातून कुणी जात नाही, मला मात्र इथल्याच मशिदीत जायचंय आणि इथल्याच टपरीवर बसायचंय.

जानेवारीच्या शेवटी त्यांचा फोन आला. नेहमी ते आधी तब्येत विचारत, मग जेवण, मग काम. त्या दिवशी तिन्ही सोडून म्हणाले, "इस बार प्रूफ नहीं है. आ के देख ले."

ती रविवारी येते म्हणाली. पण तिला गुरुवारीच जावं लागलं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि गल्लीतले लोक बाहेर उभे होते. छातीत कळ आली, टेबलाशीच बसले आणि उठले नाहीत, असं शेजाऱ्याने सांगितलं.

चाळिसावा झाल्यावर अम्मीने कपाटातून लग्नपत्रिकांचं एक रिकामं खोकं काढून नगमाच्या हाती दिलं. त्यात दोन पत्रिकांमध्ये पातळ कागद घालतात तसा प्रत्येक थरात कागद घालून पट्ट्या रचलेल्या होत्या. नगमाने वरची पट्टी उचलून खिडकीशी धरली. नागमोडी रेघा एकसारख्या, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. आणि खालच्या टोकाला, जिथे यंत्र चिकटवायला चांदीची दोन टोकं उघडी ठेवलेली असतात, त्या दोन टोकांच्या मधल्या मोकळ्या जागेत, बारीक चांदीच्या अक्षरांत लिहिलं होतं: नासिर.

 इतक्या महिन्यांत त्यांनी तिला एकदाही शाबासकी दिली नव्हती. ती अशी खोक्यात घालून ठेवली होती.

अमरावतीला येऊन तिने प्रत्येक पट्टी तपासली. किशोर सरांनी स्वतः बाजूला बसून आकडे पाहिले. हाताने छापलेल्या पट्ट्या एकमेकींशी इतक्या जुळतील असं त्यांना वाटलं नव्हतं आणि तसं त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. फक्त टोकाजवळच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे कशाला? नगमाने मीटर लावून दाखवलं. नाव कुठेही टेकत नव्हतं. दोन्ही बाजूंना केसभर जागा मोकळी होती. नासिरभाईंनीही ती डोळ्याने मोजूनच सोडली असणार, छापणाऱ्याला रेघा चिकटलेल्या खपत नाहीत. सर बरं म्हणाले. पण पुण्याचं खोकंही बरोबर न्यायचं त्यांनी ठरवलं. नवतप्याचे, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाचे, दिवस थोडे आणि अहवाल पाठवायची तारीख डोक्यावर. हातच्या आणि पुण्याच्या पट्ट्यांपैकी एकीचंच नाव अहवालात जाणार होतं.

नवतपा लागला आणि ते तिवस्याच्या पुढच्या एका गावी पोचले. खुशालराव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात पौर्णिमाची टोळी धसकटं वेचत होती. पौर्णिमा टोळीची मुकादम. अंगाने सडपातळ, पण आवाज असा की वावराच्या धुऱ्याच्या, बांधाच्या पलीकडची बाई वाकलेली सरळ व्हावी. बाया निंबाच्या सावलीत ओळीने बसल्या आणि नगमाने एकेकीच्या दंडाला आतल्या बाजूने पट्टी चिकटवली. सगळ्यांत वयस्क आशाबाई. तिने दंड पुढे केला आणि मान वळवून विचारलं, "याच्यात आमच्या मनातलं तं नाई ना दिसत? मालकाले काय काय म्हणून राहिलो, समदं समजन त्याले."

खुशालराव जवळच उभा होता. तो म्हणाला, ते मले पट्टीबिगर समजते. बाया हसल्या. एकीने आपल्या नवऱ्यासाठी एक पट्टी मागितली, त्याचं डोकं लय तापते म्हणून. मग दुपट्टे डोक्याला गुंडाळून सगळ्या वावरात उतरल्या.

ऊन चढलं, बाया घामाने भिजल्या, आणि एकीचं यंत्र वाजलं. नगमा तिकडे धावली तोवर दुसरीचं वाजलं, मग तिसरीचं. थोड्या वेळात वावरभर रातकिडे ओरडावेत तसा आवाज झाला. प्रत्येक यंत्र सांगत होतं की या बाईला जबर ताप आहे. पौर्णिमाने हातातले विळे खाली ठेवायला लावले आणि सगळ्यांना सावलीत आणलं. किशोर सर थर्मामीटर घेऊन ओळीने फिरले. ताप कुणालाच नव्हता.

आशाबाई माठातलं पाणी पिऊन तोंड पुसत म्हणाली, "मले काई नाई झालं पोरी. तुह्या पट्टीलेच ऊन लागलं."

हसायला या वेळी कमी जणी होत्या. खुशालरावाने आभाळाकडे पाहिलं आणि अर्धा दिवस गेला असं म्हणत गाडीकडे निघाला. पौर्णिमा त्याच्या मागे गेली. मजुरी पुरी पाहिजे, चूक बायांची नाही, हे ती त्याला सांगत असलेलं नगमाला ऐकू येत होतं.

परतताना जीपमध्ये किशोर सर कडू काही बोलले नाहीत. उद्याचा दिवस आपण थांबू, परवा सकाळी पुण्याच्या पट्ट्या लावू, एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी म्हटलं की वडिलांनी काम फार सुरेख केलंय, पण सुरेख असणं आणि चालणं वेगळं. नगमाने मान हलवली. ते खरंच होतं आणि म्हणूनच लागलं. तिला पुण्याच्या पट्टीचं वैर नव्हतं. पण नासिरभाईंनी आयुष्यात नाव टाकून पाठवलेलं एकही काम कधी परत आलं नव्हतं. हे शेवटचं काम परत येणार होतं.

प्रयोगशाळेत गेल्यावर तिने दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या. एक खोक्यातली, एक जुनी, प्रूफ म्हणून बाजूला पडलेली. कपभर पाण्यात मीठ कालवलं, घामासारखं. जुन्या पट्टीच्या उघड्या टोकांवर एक थेंब सोडला. आकडा हलला नाही. नव्या पट्टीवर सोडला. आकडा झपाट्याने वर गेला.

दोन्ही पट्ट्यांत फरक एकच होता.

आता तिला सगळं स्वच्छ दिसलं. दोन टोकांमधली जागा एरवी इतकी रुंद की घामाचा थेंब ती ओलांडू शकत नाही. पण त्या जागेत चांदीचं नाव बसलं होतं. कोरडं असताना ते कुठे टेकत नव्हतं. घाम आला की दोन्ही बाजूंची केसभर जागा भरायची आणि वीज काळ्या ठिपक्याकडे न जाता मधल्यामध्ये नावावरून पलीकडे जायची. वीज जास्त वाहिली की यंत्राला वाटणार, अंग तापलं. लग्नपत्रिकेला घाम येत नाही. नासिरभाईंना हे कुठून सुचणार, आणि जिला सुचायला हवं होतं तिने नाव पाहिलं आणि पुढचं काही पाहिलंच नाही.

किशोर सरांना तिने फोन केला. त्यांनी विचार करून सांगितलं की वरून पारदर्शक थर दिला तर तो टोकांवर पसरेल, तेव्हा नाव खरवडून काढणं हाच उपाय. मग तिने अम्मीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं, काय करावं लागणार तेही सांगितलं. अम्मी पलीकडून म्हणाली, "गलत छपता तो वो खुद मिटाते थे, बेटा."

नगमाने ब्लेड घेतलं आणि पहिल्या पट्टीवरचं नाव खरवडलं. चांदी सहज निघत नव्हती. जोर लावला तर खालची पातळ फिल्म पांढरी पडली, ताणल्यावर तिथेच फाटली. नाव गेलं आणि पट्टीही गेली. दुसरीवर तिने हात हलका ठेवला. ती फाटली नाही पण सुरकुतली, आता ती कातडीला नीट बसणार नव्हती. तिसरी पट्टी तिने हातात घेतली आणि ब्लेड खाली ठेवलं. भिंगाखाली ती ते नाव पाहत बसली.

लहानपणी ती दुकानातच गृहपाठ करायची. पाटीवर आधी रेघ ओढून मग तिला अक्षरं टांगायची तिची सवय. नासिरभाई तिच्या हातातली पेन्सिल घेऊन दाखवायचे: आधी अक्षरं उभी कर, प्रत्येकाला त्याच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, रेघ मग ओढ. भिंगाखाली तेच दिसत होतं. न, स, र, त्यांच्या काना-वेलांट्या, सगळी अक्षरं एकमेकांपासून सुटी उभी होती. त्यांना जोडणारी गोष्ट एकच, वरची रेघ. एका हाताने ओढलेली, दोन्ही बाजूंना तुऱ्यासारखी पुढे गेलेली. वीज त्या रेघेवरून चालत होती. अक्षरांचा त्यात काही दोष नव्हता.

नाव खरवडायची गरज नव्हती. रेघ तोडायची होती.

तिने ब्लेडचं टोक रेघेवर टेकवलं आणि प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये एकेक बारीक चीर दिली. मग दोन्ही बाजूंचे तुरे तेवढे टोकाने उचलून काढले. एवढीशी चांदी निघायला जोर लागला नाही आणि फिल्मला धक्का बसला नाही. वर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. आकडा जागचा हलला नाही. तिने पट्टी वाकवली, ताणली, पुन्हा थेंब सोडला, पुन्हा पाहिलं. मग खोकं जवळ ओढलं आणि एकेक पट्टी भिंगाखाली घ्यायला लागली. बाहेर कूलरचं पाणी ठिबकत होतं आणि सावल्या लांब होत होत्या. हात प्रत्येक चीर तेवढ्याच लांबीची देत होता. तो हात कुणाचा आहे हे तिला त्या वेळी चांगलं कळत होतं.

रात्री तिने सरांना आकडे दाखवले आणि थांबायचा ठरलेला दिवस या पट्ट्यांसाठी मागून घेतला. दुसऱ्या दिवशी बायांनी दंड पुढे केले खरे, पण काल वाजलेल्या यंत्रावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. आशाबाई म्हणाली, लाव माय, वाजलं तं वाजलं, आज बसणार कोण हाये. खुशालरावाने आधीच सांगून ठेवलं होतं की आज काम थांबणार नाही.

ऊन चढलं. बाया भिजल्या. यंत्रं गप्प होती. किशोर सर निंबाखाली बसून यंत्रांकडून फोनवर येणारे आकडे पाहत होते आणि अधूनमधून चष्मा पुसत होते. सगळ्यांचे आकडे उन्हाबरोबर हळूहळू चढले आणि जिथे थांबायला हवे तिथे थांबले. त्यांनी नगमाकडे पाहून मान डोलावली. नगमाने अजून काहीच मानलं नव्हतं. वाजत नाही म्हणजे बरोबर, असं नसतं. बिघडलेलं घड्याळही वाजत नाही.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा एकच यंत्र वाजलं. पौर्णिमाचं.

ती टोळीच्या पुढे होती. तिने दंड झटकला, माशी उडवावी तसा, आणि वाकून पुढचं धसकट ओढलं. नगमा तिच्यापर्यंत पोचली आणि सावलीत चल म्हणाली. पौर्णिमाने वळूनही पाहिलं नाही. काल समद्या वाजल्या, आज मी एकटी, उद्या कोणी नाई वाजणार, असं ती पुटपुटली. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मुकादमच सावलीत बसली तं बाकीच्या काहून राबतीन? मले काई होऊन नाई राहिलं."

किशोर सरही आले. त्यांनी फोनवरचा आकडा पाहिला, पौर्णिमाकडे पाहिलं. ती उभी होती, बोलत होती. बांधावरून खुशालराव बघत होता. सर हलक्या आवाजात म्हणाले की आणखी थोडं थांबून पाहू. कालच्यासारखं झालं आणि काम थांबवलं, तर हे लोक आपल्याला पुन्हा वावरात पाय ठेवू देणार नाहीत.

ते चूक बोलत नव्हते. काल त्याच पट्टीने खोटं सांगितलं होतं. नगमाने पौर्णिमाच्या दंडाकडे पाहिलं. पट्टीच्या खालच्या टोकाला, दोन चांदीच्या टोकांमध्ये, रेघ तुटलेलं ते नाव होतं. मग तिला दुसरं काहीतरी दिसलं. सगळ्या बाया घामाने निथळत होत्या आणि पौर्णिमाचा दंड कोरडा होता. कपाळही कोरडं.

"सर, हे प्रूफ नाही," ती म्हणाली. "हिला आत्ता बसवायचं."

सरांना त्या वाक्याचा अर्धाच अर्थ कळला असेल, पण आवाज कळला. त्यांनी पौर्णिमाची एक बाजू धरली, नगमाने दुसरी. पौर्णिमा रागावून काहीतरी म्हणायला गेली आणि शब्द तिच्या जिभेवर जड झाले. निंबापर्यंत चार पावलं राहिली असताना तिचे गुडघे मोडले. आशाबाईने माठ उपडा केला, दुपट्टे भिजवले, मानेखाली, काखेत घातले. थर्मामीटर लावला तेव्हा त्याचा आकडा यंत्राच्या आकड्याशेजारी जाऊन उभा राहिला. सरांनी तो दोनदा पाहिला. मग कुणालाही न विचारता ते जीप घ्यायला धावले, आणि त्यांच्या आधी खुशालराव आपली गाडी वावरात घालून मोकळा झाला होता.

तिवस्याच्या दवाखान्यात डॉक्टर बाईने सलाईन लावली. संध्याकाळी पौर्णिमा उठून बसली आणि टोळीची मजुरी लागली का हे विचारायला लागली, तेव्हा डॉक्टर बाईने नगमाला बाजूला बोलावून सांगितलं की वेळेत आणलंत, अशा बाया आमच्याकडे येतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं. नगमाने दंडावरची पट्टी दाखवली.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी किशोर सरांनी पुण्याचं खोकं उघडलं. पौर्णिमाला घरी थांबायला सांगितलं होतं, तरी ती आली होती आणि निंबाखाली बसून टोळीला हुकूम सोडत होती. पहिला दंड आशाबाईचा. सरांनी पट्टी पुढे केली. आशाबाईने ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

"हिच्यावर नाव नाई," ती म्हणाली.

सर हसले. त्यांनी तिला समजावलं की ही पुण्याची आहे, यंत्रावर छापलेली, हीसुद्धा चांगली आहे.

"असन. बियाण्याच्या बिननावाच्या पुडीनं औंदा आमाले पुरतं नागवलं, साहेब. बोंडात अळी निघाली तं भांडाव कोनाशी? मले ते नाववाली लाव."

मागे बसलेल्या बायांनी दंड पदराआड घेतले. पौर्णिमाने निंबाखालून आवाज दिला की माझ्या टोळीला नासिरवालीच लागेल. कालपासून तिने आपल्या दंडावरची पट्टी काढू दिली नव्हती. रेघ नसली तरी ते नाव तिने वाचलं होतं. रोज मजुरीचा हिशेब घाईत, रेघ न ओढता मांडणाऱ्या मुकादमाला रेघेवाचून अक्षर वाचता येतं. नासिर म्हणजे कोण, हेही तिने दवाखान्यात नगमाला विचारलं होतं. नगमाने सांगितलं होतं, अकोल्याचे प्रिंटर, माझे वडील. पौर्णिमाने पट्टीवर अंगठा फिरवला होता आणि म्हणाली होती, मग पक्कं काम हाये.

किशोर सरांनी पुण्याचं खोकं बंद करून जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं. अहवालात काय जाणार हे त्यांनी सांगितलं नाही आणि नगमाने विचारलं नाही. त्यांनी आपली बाही वर केली आणि नाववाली एक पट्टी स्वतःच्या दंडाला लावून मागितली.

दुपारी बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या तेव्हा नगमाने धुऱ्यावर जाऊन अम्मीला फोन लावला.

"चली?" अम्मीने विचारलं.

"चली, अम्मी."

"और नाम?"

"नाम है. सिर्फ ऊपर की लकीर नहीं है."

 अम्मीच्या मागे दुकानाच्या शटरचा आवाज आला. ती दुकान झाडायला उघडून बसली असावी. मग म्हणाली, "लकीर तो वो सबसे आखिर में खींचते थे."

पुढच्या खेपेच्या पट्ट्यांसाठी नवी चौकट लागणार होती. त्या चौकटीवर नाव कुठे बसेल हे नगमाने कालच ठरवलं होतं: टोकांपासून दूर, वरच्या पारदर्शक थराच्या आत, उजव्या कोपऱ्यात, जिथे घाम पोचत नाही. अक्षरं त्यांचीच, पत्रिकेवरून उतरवलेली. तिने अम्मीला सांगितलं की येत्या रविवारी मी अकोल्याला येते, अब्बांचा बारीक कुंचला कुठे ठेवलाय तो शोधून ठेव, रेघ मी ओढणार आहे.